दार बंद असेल तरच

वंदनाताई गेल्याचं मला सीताबर्डीवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कळलं. हातात नुकतीच निघालेली, अजून गरम असलेली पत्रकं होती आणि मावशीचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेलं, शुद्ध आलीच नाही... वंदनाताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ती यंत्रांच्या कंट्रोलरचे प्रोग्राम लिहायची. आता काही आठवडे झालेत. राग ओसरला की लिही, असं सगळे सांगतात. माझा ओसरलेला नाही. कंपनीने तिला मारलं, असं मात्र मी लिहिणार नाही. ‘पुरावा नसताना रेघ जोडून राहिली तू,’ असं म्हणून तिनंच ते वाक्य खोडलं असतं.

माझे बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे आणि मी त्यांच्या घड्या घालत मोठी झाले. ताई रविवारी आमच्याकडे आली की एखादं पत्रक उचलायची, वाचायची आणि म्हणायची, “काहून वं, यात नेमकं कोणी काय करायचं ते कुठं आहे?” मी चिडायचे. मग ती त्याच पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिची शिडी काढायची. दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या. डावीकडून वीज निघते असं धरायचं आणि वाटेत अटी ठेवायच्या. या अटींना कॉन्टॅक्ट म्हणतात. सगळ्या अटी पार झाल्या तरच उजवीकडचं यंत्र चालतं. एकीपुढे एक ठेवल्या तर प्रत्येक अट पाळावी लागते. पण एकीच्या खाली दुसरी समांतर ठेवली, की दोघींपैकी कोणतीही एक पुरते. “सारा खेळ कोणती कुठं ठेवली याचा आहे,” ती म्हणायची, “आणि तिचं नाव काय ठेवलं याचा.”

नावांच्या बाबतीत ती फार कडक होती. तिच्या प्रोग्राममधली नावं रोमन अक्षरांत, पण मराठी असायची. ‘दार_बंद’. ‘हात_बाहेर’. पुण्याहून येणारे इंजिनियर हसायचे. तिचं म्हणणं साधं होतं: नाव असं पाहिजे की ते ‘हो’ म्हणालं तर काय खरं आहे हे पडद्यापुढे उभ्या असलेल्या कोणत्याही बाईला कळावं. ‘दार_बंद’ हो म्हणतो, म्हणजे दार बंद आहे. नाही म्हणतो, म्हणजे एकतर दार उघडं आहे नाहीतर स्विचची तार तुटली आहे, आणि दोन्ही वेळा यंत्र थांबलंच पाहिजे.

तो कॉन्टॅक्ट पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा होता. प्रेसवर बायका कामाला आहेत. साच्यासमोरचं जाळीचं दार बंद असेल तरच प्रेस खाली येते, नाहीतर हात तिथेच जाईल. मागच्या वर्षी त्या दाराचा स्विच सैल झाला. दार बंद असूनही तो मधूनमधून नाही म्हणू लागला, प्रेस अडू लागली आणि मॅनेजर ताईकडे आले. “मॅडम, दाराच्या खाली एक समांतर कॉन्टॅक्ट टाकून द्या ना. एवढी ऑर्डर निघू द्या, मग स्विच बदलून घेऊ.” ताई म्हणाली, “आधी स्विच बदला, मग ऑर्डर आपोआप निघते.” स्विच काही बदलला गेला नाही. ताई एका लग्नासाठी रजेवर गेली, तेवढ्यात बाहेरच्या कंत्राटदाराकडून तो कॉन्टॅक्ट टाकून घेतला गेला. नेहमी ‘हो’च म्हणणारा, म्हणजे दार उघडं असलं तरी प्रेस चालणारच. नाव ठेवलं होतं ‘टेम्प वन’, म्हणजे ‘तात्पुरता एक’.

“ज्याले लाज वाटते तोच असं नाव ठेवते,” ताई मला फोनवर म्हणाली होती. तिनं तो काढून टाकला. प्रेस पुन्हा अडू लागली. आठवड्याभरात तिला स्टोअरमध्ये बसवलं गेलं, प्रोग्रामचा पासवर्ड बदलला गेला आणि ‘टेम्प वन’ परत आला. ती वर लिहून तक्रार करत राहिली. उत्तर आलं, सहकार्य करा...

आणि मग कारखान्यात शोकसभा. मावशी आणि मी पहिल्या रांगेत होतो. ताईच्या फोटोला हार. मॅनेजर उभे राहिले आणि म्हणाले, “वंदना मॅडम म्हणजे अ‍ॅडजस्ट करणारं व्यक्तिमत्त्व. त्यांनी कधी प्रॉडक्शन थांबू दिलं नाही.” माझ्या अंगाची आग झाली. मेलेल्या बाईलाही यांनी खोटं नाव चिकटवलं. तिचा ‘नाही’ पुसला आणि त्याच्या खाली आपला ‘हो’ जोडला. मी उठणार तोच मागून आवाज आला. प्रेसवरच्या निर्मलाबाई होत्या. “थांबवलं होतं साहेब त्यायनं. आमच्यासाठी थांबवलं होतं. तो स्विच अजून तोच आहे.” मॅनेजर म्हणाले, “हा विषय इथं नको.” दोन मिनिटं शांतता पाळून चहा दिला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निर्मलाबाईंचा फोन आला. मागं यंत्राचा आवाज नव्हता. ताई स्टोअरमध्ये गेल्यावर दुपारच्या सुट्टीत प्रेसवर यायची आणि बायकांना एक सवय लावायची, हे मला तेव्हा कळलं. कामाची पाळी सुरू होताना पत्रा न घालता प्रेस रिकामी चालवायची, लांब उभं राहून काठीनं दार उघडायचं आणि प्रेस थांबते का ते पाहायचं. ताई होती तोवर, दार उघडूनही यंत्र थांबलं नाही तर बायका तिला सांगायच्या आणि ती वर भांडायची.

“आज सांगाले कोणी नव्हतं वं,” निर्मलाबाई म्हणाल्या. “दार उघडलं, प्रेस चालूच. मंग आमीच प्रेसवर बसलो नाही.”

“साहेब काय म्हणाले?”

“म्हणे, कोणी शिकवलं हे? मी म्हटलं, तुमीच तर काल सांगून राहिले होते, मॅडम लय चांगल्या होत्या म्हणून.”

मी हे लिहीत आहे तेव्हा नवा स्विच आलेला नाही. प्रेसवरचं काम बंद आहे. निर्मलाबाई आणि त्यांच्या सोबतिणी रोज पाळीला वेळेवर येतात, रिकामी प्रेस चालवतात, काठीनं दार उघडतात... आणि बाजूला जाऊन उभ्या राहतात.