कामात ढिलाई

मी टेमघरला सफाई कामगारांचा मुकादम होतो. शेजारच्या प्रभागात एक बाई मुकादम म्हणून आल्या आणि महिन्याभरात माझ्याकडची एक जुनी झाडूवाली त्यांच्याकडे बदली मागायला आली. माझा नुसता जळफळाट झाला.

"माझ्याकडे काय कमी हाय?" मी विचारलं.

ती म्हणाली, "मुकादम, तुमच्याकडं सुट्टी मागायची म्हंजे आदल्या रातीला झोप न्हाय लागत. बाई स्वतःच विचारतात, घरी सगळं बरं हाय ना?"

मी अर्जावर सही केली, पण खाली रागानं 'कामात ढिलाई' असा शेरा मारला. त्यात काडीचंही तथ्य नव्हतं.

बाईंनी शेरा वाचला, तरी तिला घेतलं. मला कधी एका शब्दानं विचारलंही नाही. त्यांचं ते न विचारणं मला आजही खुपतं.