बेळ्ळंदूरचे चिंचोके

तुमकूर मागं पडलं तेव्हा उजाडलं होतं. खिडकीबाहेर नारळाच्या बागा पळत होत्या आणि समोरच्या बाकावर मुलगा, निखिल, माझी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. गेल्या वर्षी मला अर्धांगवायूचा हलका झटका आला. डावा हात लुळा पडला होता, तो व्यायामानं बराच सुधारला. पण निखिलनं ठरवून टाकलं होतं की आईनं आता मिरजेत एकटं राहायचं नाही. शिवणक्लास बंद, घर भाड्यानं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी "बघून येते" एवढंच म्हणून निघाले होते.

बंगळूरला उतरून टॅक्सीनं बेळ्ळंदूरकडे निघालो. रिंग रोडवर गाड्या हलेचनात. "स्वल्प ट्रॅफिक, अम्मा," (थोडीशी गर्दी आहे) असं म्हणत ड्रायव्हरनं सरळ इंजिनच बंद केलं. तळ्याकडून उग्र वास येत होता, आणि त्याच तळ्याकाठी आभाळाला टेकलेल्या इमारती. त्यातल्याच एकीत निखिलचं घर.

नाश्त्याला तट्टे इडली होती, ताटलीएवढी. निखिलनं तिचे तुकडे करून बशी माझ्यापुढं सरकवली. मी ती त्याच्याकडं परत सरकवली आणि अख्खी इडली वाढून घेतली. डाव्या हातात धरलेली बशी कलंडून पहिला घास साडीवर सांडला. दुसरा नाही.

दुपारी निखिल आणि सूनबाई ऑफिसच्या कामाला बसली की घरात माझ्याशी बोलायला कुणी नसे. म्हणून खाली क्लब हाऊसमध्ये गेले. तिथं चार म्हातारी माणसं पत्ते खेळत होती. पैशांऐवजी पुढ्यात चिंचोके. पत्ते वाटणाऱ्या बाई निपाणीच्या, शकुंतलाक्का.

"काय बघालीस? बस की," त्या म्हणाल्या.

"मला फक्त रमी येते."

"हे ब्लॅकजॅक. एकवीसच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं न्हाई. राजा, राणी, गुलाम दहाचे. एक्का एकाचा, न्हाईतर अकराचा, तुला सोयीचा तसा. पान पाहिजे तर हिट म्हणायचं. एकवीसच्या वर गेलीस की बस्ट, खेळ संपला. दोघींचं सारखं झालं तर पुश, चिंचोके ज्याचे त्याला. सरी?" (कळलं ना?)

मी मान डोलावली. माझ्याकडं एकोणीस झाले होते. अक्का म्हणाल्या, "आता स्टँड."

मी खुर्ची मागं सारून उभी राहिले.

सगळे इतके हसले की एका आजोबांना ठसका लागला. "अगं, पान नको, पुरे, असं म्हणायचं," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. माझे कान तापले. उठून लिफ्टकडं जावंसं वाटलं, पण मी खाली बसले. "पुरे," मी म्हणाले, "आणि आता पुढचे वाटा."

मग मी रोज जाऊ लागले. पानं मुद्दाम डाव्या हातात धरायची. सुरुवातीला ती घसरून टेबलाखाली जात, आणि माझी मीच वाकून उचलत असे. खेळ झाला की कोपऱ्यावरच्या दर्शिनीत (उभ्यानं खायचं हॉटेल) अक्कांबरोबर 'बाय-टू' कॉफी, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत.

एका रविवारी निखिल मला शोधत खाली आला आणि माझ्या खुर्चीमागं उभा राहिला. माझ्याकडं गुलाम आणि तिर्री होती, तेरा. अक्कांचं उघडं पान छक्की.

"आई, तेराच आहेत. हिट म्हण."

"स्टँड," मी म्हणाले.

"अगं, ऐक तरी."

"पानं माझी आहेत, निखिल."

अक्कांनी झाकलेलं पान उलटलं. दहा. सोळावर वाटणाऱ्याला थांबता येत नाही, म्हणून त्यांनी आणखी एक ओढलं. पंजी. एकवीस.

"बघ, मी सांगत होतो," निखिल म्हणाला.

"हरले ना? मीच हरले. त्यात काय झालं?" मी चिंचोके अक्कांकडं सरकवले. "माझं परतीचं तिकीट काढ. पुढच्या आठवड्याचं."

निखिलचा आवाज उतरला. "आणि पुन्हा झटका आला तर? तिथं घरात कोण आहे?"

त्याची भीती खोटी नव्हती. ती मलाही वाटत होतीच. "आला तर येईल," मी म्हणाले. "रोज फोन करीन. गोळ्या चुकवणार नाही. पण त्या भीतीनं क्लास बंद करणार नाही."

त्यानं माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग त्यानं खिशातून फोन काढला. "खालचा बर्थ बघतो," म्हणाला.

मी मिरजेला परतले. स्टेशनवर आलेल्या धाकट्या दिरांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "वहिनी, या वयात जुगार शिकून आलात?"

"आले," मी म्हणाले.

परदेशची माणसं आणि परदेशचे शब्द बघायला लोक कुठं कुठं जातात. मला पाच-सहा शब्द मिळाले, तेही शेजारच्या राज्यात, निपाणीच्या बाईकडून. प्रवास वाया गेला असं मला तरी वाटत नाही. सोमवारी क्लास उघडला. शिवण आवरल्यावर कापड बेतायच्या टेबलावर पत्ते मांडले आणि पहिल्या बाईला सांगितलं, "मागून कुणी काहीही सांगू दे. हिट की स्टँड, ते तूच म्हणायचं. मोठ्यानं."