भरलेले बाक

आधीच सांगून टाकतो, नियम चांगला होता. गुरुमूर्तिरावांची हकिकत ऐकली की लोक दिल्लीच्या नावाने बोटं मोडायला लागतात, ते मला पटत नाही. त्या काळात मी कुंभकोणमच्या शारदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. आमच्या प्रयोगशाळेत एकच तराजू होता, आणि तोही एका सराफाने टाकून दिलेला. मुलं त्याच्यापुढे रांग लावून उभी असायची आणि तास संपायचा. विद्यापीठाच्या कमिटीने येऊन प्राचार्यांना चार शब्द सुनावले, तेव्हा कुठे नवे तराजू आले. पाटी लावली की कॉलेज आणि फी घेतली की पदवी, असा सगळा कारभार होता. कोणीतरी चाप लावायलाच हवा होता.

दिल्लीत विद्यापीठांसाठी आयोगाचा कायदा झाला त्या वर्षी आमच्या विद्यापीठानेही कंबर कसली. कॉलेजातला प्रत्येक विषय वेगळा तपासायचा ठरलं. शिकवणारा पात्र आहे का, पुस्तकं आहेत का, आणि मुख्य म्हणजे बाकावर विद्यार्थी आहेत का. कमीत कमी पाच हवेत. नसतील तर त्या विषयाची मान्यता जाणार.

आमच्याकडे मराठी हा विषय होता. तंजावरच्या राजांच्या वेळी आलेली आमची माणसं तीनशे वर्षं इथे राहिली, आणि कॉलेज काढणाऱ्या शेठजींच्या मनात आमच्याबद्दल थोडी माया होती, म्हणून तो ठेवलेला. तो शिकवायला गुरुमूर्तिराव. वर्ग वाचनालयाच्या मागे, एका लांबट खोलीत.

गुरुमूर्तिरावांची बायको गोमती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. तिरुनीलक्कुडीला थोडी जमीन होती, तिचा तांदूळ यायचा, त्यामुळे उपाशी मरण्याची भीती नव्हती. पण दूधवाल्याशी तमिळ, भाजीवालीशी तमिळ, देवळातल्या गुरुजींशी तमिळ. आमच्या लोकांचा रिवाजच असा, की मराठी उंबऱ्याच्या आत. बाहेर पाऊल टाकलं की जीभ आपोआप फिरते. ज्याच्या उंबऱ्याच्या आत दुसरं माणूसच नाही, त्याने मराठी कुठे बोलायची? मी एकदा त्यांना म्हटलं, "अण्णा, संध्याकाळी आमच्याकडे येत जा." ते हसले.

"येतों की. पण रोज कोणी कोणाच्या घरीं जातो? वर्ग आहे तोंवर माझें बरें आहे. तास होतो, पोरें बोलतात, मी बोलतों. मग घरीं जाऊन भिंती पाहातों."

म्हणजे वर्ग हे त्यांचं पोट नव्हतं, त्यांची बोलण्याची जागा होती. ती गेली तर ते मुके होणार होते. हे मला कळत होतं, आणि त्यांना तर कळतच होतं.

म्हणून त्यांनी नियमातलं सगळं केलं. पात्रता हवी म्हटल्यावर उतारवयात परीक्षेला बसले. मद्रासला एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मराठीचा परीक्षार्थी हा एकटा, आणि एकट्यावर नजर ठेवायला एक पर्यवेक्षक. तो बिचारा दुपारी पेंगायला लागला तेव्हा यांनीच त्याला जाऊन पाणी दिलं. पास होऊन आले. मग पाच मुलं गोळा करायला घरोघर फिरले. आईबापांचं म्हणणं, मराठी घेऊन कोणती नोकरी मिळणार? प्रश्न रास्त होता. गुरुमूर्तिराव फक्त ओसरीवर बसून राहायचे, कॉफी प्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे. शेवटी लोकांनी संकोचाने पोरं दिली. त्यातली सगळ्यांत हुशार अलमेलू. ती आमच्या समाजातल्या सर्वांत वयोवृद्ध अप्पारावांची नात.

पाच मुलं होती, मास्तर पास होता, पुस्तकं कपाटात होती. कमिटीने येऊन पाहून जायचं, एवढंच उरलं होतं.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. आमची घरं मुळात थोडी. लग्न असो, तेरावं असो, पंगतीला माणसं कमी पडतात. पाहुण्यांसमोर पानांची रांग अर्धी रिकामी दिसणं ही फार मोठी नामुष्की. म्हणून कोणाकडे कार्य आहे आणि माणसं थोडी आहेत असं कळलं, की बाकीचे न बोलावता जातात आणि पानावर बसतात. त्याला रांग भरणं म्हणतात. यजमानाने त्यांना "का आलात" असं विचारायचं नसतं, आणि बसलेल्याला उठवणं म्हणजे तर त्याच्या सात पिढ्यांचा अपमान. घरची मुलं अर्थातच मागून जेवतात. ती वाढतात. गोमतीबाईंच्या तेराव्याला अशीच रांग भरली होती आणि अप्पाराव पहिल्या पानावर बसले होते.

कमिटी येणार त्या सकाळी अप्पारावांनी आपल्या ओसरीवरून फर्मान काढलं. मला ते नंतर कळलं. "मद्रासहून येवढे जण अपली मराठी पाहायास येतात म्हणे. बांक रितें दिसलें तर लाज कोणाची? गुरुमूर्तीस कोण आहे? चला."

मी प्रयोगशाळेतून कमिटीला घेऊन मराठीच्या वर्गाकडे निघालो होतो. अध्यक्ष मद्रासचे एक वयस्क प्राध्यापक होते, बोलायला कोरडे, पण माणूस सरळ. सकाळपासून त्यांनी कॉलेजचं एकही खोटं चालू दिलं नव्हतं. इतिहासाच्या वर्गात तर दुसऱ्याच वर्गाची मुलं आणून बसवलेली त्यांनी बरोबर ओळखली होती. मला मनातून आनंद झाला होता. वर्गाच्या दारात पोचलो आणि तिथेच थांबलो.

बाक भरलेले होते. पहिल्या बाकावर अप्पाराव, जरीच्या उपरण्यात, कपाळावर ठळक गोपीचंदन. त्यांच्याशेजारी विठ्ठलाच्या भजनाचे दोन म्हातारे. मागे आमच्याच समाजातली मीनाक्षीबाई आणि तिच्या दोन जावा, नऊवारी नेसून, डोक्यात फुलं माळून. सगळे ताठ बसलेले. समोर गुरुमूर्तिराव खडू धरून उभे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक. आणि ती पाच मुलं? आजोबा-आजी आल्यावर नातवंडं बाकावर कशी बसतील? ती उठली होती. अलमेलूच्या हातात कॉफीच्या पितळी पेल्या-डबऱ्यांचं ताट होतं. ती म्हाताऱ्यांना कॉफी देत होती, बाकीची चार तिच्या मागे पाणी घेऊन.

खरं सांगतो, मला त्या म्हाताऱ्यांचा असा राग आला की काही विचारू नका. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलं, "हे तुमचे विद्यार्थी?"

"नाही, सर," गुरुमूर्तिराव म्हणाले. खोटं बोलायचा त्यांनी विचारही केला नसावा. "हे आमच्या समाजाचे लोक. विद्यार्थी ते, कॉफी देत आहेत ते पाच."

अध्यक्ष हसले नाहीत. "पंडितजी, ज्याने बाकांवर आजोबा आणून बसवले, तो कॉफी देणाऱ्यांनाही विद्यार्थी म्हणू शकतो. सकाळपासून मी हेच बघतो आहे."

मी पुढे झालो. म्हटलं, "सर, मी या पाचही जणांना ओळखतो."

"तुम्हीही याच समाजाचे?"

"हो."

त्यांनी मान हलवली आणि प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांना ती खोली वाणिज्य शाखेसाठी हवी होती. ही मुलं इथलीच, एवढ्या त्यांच्या एका वाक्याने काम झालं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. वर बोलायला परत मोकळे, की मी कुठे काय म्हणालो!

पण अध्यक्ष न्यायी होते, हे मला कबूल करायलाच हवं. जरा विचार करून ते म्हणाले, "ठीक आहे. यांना उठवा. त्या मुलांना बाकांवर बसवा आणि दहा मिनिटं शिकवा. मला मराठी येत नाही, पण शिकलेलं पोर कोणतं आणि आणून बसवलेलं कोणतं, ते मला कळतं."

एवढंच करायचं होतं. हे सगळं इंग्रजीत चाललेलं, म्हाताऱ्यांना एक अक्षर कळत नव्हतं. अप्पाराव प्रसन्नपणे कमिटीकडे बघत होते. आपण आलो ते किती बरं झालं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. मी गुरुमूर्तिरावांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अण्णा, उठवा त्यांना. मी सांगू का? घटकाभर बाहेर बसतील."

ते हळूच म्हणाले, "ते मजसाठीं आले आहेत रे. कोणी येत नाहीं, ते आले. त्येंस मी ऊठ म्हणूं?"

"अण्णा, वर्ग जाईल."

"जाईल."

मग ते अध्यक्षांकडे वळले आणि म्हणाले, "सर, मला ते शक्य नाही." का शक्य नाही हे त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्या नियमाच्या माणसाला ते कसं पटणार? कमिटी गेली. मला रागाने रडू येत होतं. गुरुमूर्तिराव मात्र फळ्याकडे वळले आणि त्यांनी म्हाताऱ्यांना तासभर शिकवलं. मीनाक्षीबाईने तर मधेच शंका विचारली. शेवटी अप्पाराव उठून म्हणाले, "जालें नव्हे तुझें काम?"

"जालें, मामा. तुम्ही आलांत म्हणून जालें."

पुढच्या उन्हाळ्यात मान्यता गेल्याचं कळलं. अलमेलू आणि बाकी मुलांनी दुसरा विषय घेतला. गुरुमूर्तिरावांनी पाचही जणांना बोलावून बजावलं, की घरी काय वाटेल ते सांगा, पण तुमच्या थोरांच्या बसण्यामुळे हे झालं असं कधी कोणाच्या तोंडून निघता कामा नये. त्यांनी स्वतः तर वर्ग बंद झाल्याचंच सांगितलं नाही. अप्पारावांची ओसरी त्यांच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर. तेव्हा कॉलेजच्या वेळेला कोट घालून, छत्री घेऊन हे घरातून निघायचे, आणि कॉलेज सुटायच्या वेळेला परत यायचे. मधला वेळ कुठे काढतात, हे कोणी विचारलं नाही.

म्हाताऱ्यांना खरंच कळलं नसेल? एवढंसं गाव, पोरांची तोंडं कितीशी घट्ट? माझी खात्री आहे की महिन्याभरात कळलं असणार. कारण अप्पाराव गुरुमूर्तिरावांच्या जाण्याच्या वेळेला ओसरीवरून उठून आत जाऊ लागले. मीनाक्षीबाई देवळात हे दिसले की दुसऱ्या दाराने बाहेर पडे. गुरुमूर्तिरावांना वाटे, भेटलो तर कॉलेजचा विषय निघेल आणि त्यांना वाईट वाटेल. म्हाताऱ्यांना वाटे, भेटलो तर याला खोटं बोलावं लागेल. दोन्हीकडे प्रेमच होतं, आणि त्या प्रेमापायी एकमेकांची तोंडं बघणं बंद झालं. कार्याला आमंत्रण आलं की गुरुमूर्तिराव तब्येतीचं निमित्त सांगत. असल्या नाजूकपणाला काय जाळायचंय? एकाने कोणी दार वाजवून शिव्या घातल्या असत्या तरी बरं झालं असतं.

मला पुण्याला नोकरी लागली. माझी मराठी तिथे धुऊन निघाली. सुरुवातीला वर्गातली मुलं माझ्या बोलण्याला हसायची, नंतर हसेनाशी झाली. एकोणसाठ साली बहिणीच्या लग्नासाठी गावी आलो. गुरुमूर्तिराव लग्नाला नव्हते. विचारत विचारत जवळच्या साक्कोट्टैला गेलो. तिथल्या शंकराच्या देवळात ते दिवस काढतात असं कोणीतरी म्हणालं होतं.

दुपारची वेळ. मंडपात गार दगडावर ते एकटेच बसले होते, कोट घडी करून बाजूला ठेवलेला. खूप वाळले होते. मला बघून त्यांनी तमिळमध्ये विचारलं, "वांगो, या या, कधी आलात?" मी मराठीत उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा तमिळमध्येच काहीतरी विचारलं, मग एकदम थांबले. तोंड उघडलं, पण शब्द येईना. मला वाटलं त्यांना काही त्रास होतोय, म्हणून मी हात धरला. बऱ्याच वेळाने मराठी आली, ती तुटक.

"जीभ वळत नाहीं रे. सवय गेली."

मी म्हटलं, "अण्णा, माझ्याबरोबर पुण्याला चला." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी म्हटलं, "मग मी अप्पारावांना जाऊन सांगतो सगळं. त्यांना माहीतच आहे." त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

"तें नको. तूं असें कर. कांहीं तरी बोल."

"काय बोलू?"

"कांहींही. मराठी बोल. मी ऐकतों."

अशा माणसापुढे काय बोलावं ते मला सुचेना. लग्नाचं सांगितलं असतं तर पंगतीचं आलं असतं. शेवटी मी आमच्या पुण्याच्या कॉलेजात नुकती तपासणी झाली तिचं सांगायला लागलो. वाचनालयात किती पुस्तकं हवीत, एका शिक्षकामागे किती मुलं हवीत, प्रयोगशाळेला किती जागा हवी, अनुदान कोणत्या अटीवर मिळतं, सगळं कोरडं, कंटाळवाणं, कारकुनी. ते खांबाला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. एकदा मी थांबलो तर त्यांनी डोळे न उघडता हाताने खूण केली.

"तुझी मराठी आतां वेगळी जाली," ते म्हणाले. "असो. थांबूं नको."

मी पुढच्या नियमाकडे वळलो.