गावापासून चौदा किलोमीटरवर

२३ जानेवारी २०२६, शुक्रवार. गुहागरला समुद्राजवळच्या दोन खोल्यांचे तीन रात्रींचे १०,८०० रुपये आगाऊ भरून आम्ही कल्याणहून एसटीने निघालो. एका खोलीत मी आणि माझी बायको मंदाकिनी. दुसरीत शेजारचा तानाजी गोरिवले, त्याची बायको हेमा आणि शहात्तर वर्षांची आई हौसाबाई.

तानाजी टिटवाळ्यात आमच्याच मजल्यावर राहतो. कल्याणला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, असं सव्वीस वर्षं चाललं आहे. सुट्टी घेतली तर ती शिमग्याला आणि गणपतीला, गावी जाण्यासाठी.

ते गाव गुहागरपासून फक्त चौदा किलोमीटरवर आहे, हे त्याने मला एसटीत सांगितलं.

"म्हणजे तिथे तुझं घर आहे?"

"आहे. चार खोल्या, पडवी, सोळा माड."

"मग खोलीचे पैसे कशाला भरले?"

"हरिभाऊ, घरी गेलो की मी पाहुणा नसतो, कामगार असतो. कौलं, मीटर, बांधाची भांडणं. पन्नाशी उलटली. समुद्रावर नुसता बसलोय असा एक दिवस आठवत नाही. हे चार दिवस मला पाहिजेत. फक्त गावाला कळता कामा नये. घर सोडून लॉजवर राहिलो म्हणजे सगळ्या भावकीच्या तोंडावर थुंकल्यासारखं होईल."

खोल्यांची मालकीण जयाताई. कोकणात चहाच्या आधी विचारतात ते तिने विचारलंच. "आजी, गाव कुठलं?"

"टिटवाळा," हौसाबाई म्हणाल्या.

"ते आताचं हो. मूळचं?"

"टिटवाळाच. गणपतीच्या देवळामागं."

चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. हेमा पदर तोंडाला लावून आत पळाली.

पण रात्री जेवायला बसल्यावर हौसाबाईंनी पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवला, हात जोडले आणि पडवीभर ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घातलं. "आई वाघजाई, आई सुंकाई, तुझ्या हद्दीत आलो, सांगून आलो नाय. रागवू नको. पोर दमलाय माझा. चार दिस बसू दे त्याला."

जयाताईची भाकरी तव्यावरच राहिली. "वाघजाई-सुंकाई या तर कातळवाडीच्या देव्या. म्हणजे तुम्ही तिथले!"

"आये!" तानाजीने कपाळावर हात मारला.

"मानसांशी खोटं बोलले," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या, "देवीशी कशी बोलू?"

शनिवारी तानाजी वाळूत मांडी घालून बसला. हा माणूस रिकामा बसून करतो काय, हे मला पाहायचं होतं. तासभर तो डोळे मिटून लाटा ऐकत होता. दुकानात मोटर ऐकतो, अगदी तसा. मी विचारलं तर म्हणाला, "आवाज बरोबर आहे. काही करायला नको."

रविवारी पाच वाजता वाळूच्या कडेला टेम्पो थांबला. तानाजीचा चुलतभाऊ राकेश उतरला. जयाताईकडे शहाळी तोच पोचवतो आणि तिने सहज बोलता बोलता सांगून टाकलं होतं.

त्याने पाच शहाळी तासून आमच्या हातात दिली.

"दादा, आपल्याच माडाची आहेत. घरी आला असतास तर फुकट. इथं गिऱ्हाईक आहेस. चाळीसला एक, दोनशे झाले."

तानाजी मान खाली घालून शहाळं पीत राहिला.

"गाडी आणलीय. चल घरी. विहिरीवरचा पंप जळलाय, तीन आठवडे बायका हाताने पाणी शेंदतायत. तुला तासाचं काम."

तानाजी अर्धा उठला. गुडघे झटकलेसुद्धा. मला वाटलं, संपली सुट्टी. मग तो तसाच खाली बसला.

"राकेश, मोटर काढून कल्याणला पाठव. भरून देतो, वाहतूकही माझी. पण आज मी येत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू इथं कधी बसलायस?"

राकेश हसला. "येडा झालास काय? मी रोज येतो इथं."

"टेम्पो घेऊन येतोस. बसलायस कधी?"

"बस रे मेल्या," हौसाबाई म्हणाल्या, "समुद्र काय पैसे मागत नाय."

तो चपला काढून बसला. सव्वापाच ते सहा, दोघे भाऊ शेजारी शेजारी. मग राकेश उठला आणि पँट झटकत म्हणाला, "बरं वाटतं की." तानाजीने पाचशेची नोट पुढे केली. राकेशकडे सुटे नव्हते. तो तसाच गेला.

सोमवारी दुपारपर्यंत तानाजी वाळूतच होता. मोटर पुढच्या आठवड्यात कल्याणला आली, भरून परतही गेली.

शहाळ्यांचे दोनशे रुपये तानाजीने अजून दिलेले नाहीत, राकेशने मागितलेलेही नाहीत.