बायस उतरवला कुणी

पोलादपूरच्या अलीकडच्या आमच्या गावात जावई आला की कोंबडीचं मरण ठरलेलं. त्या रविवारी मी महाडहून मोटारसायकलवर पोचलो तर अंगणातच वड्यांचा वास आला. समजलो, धाकट्या बहिणीचा नवरा आलाय. पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली.

दारातून आत बघतो तर काय! माझ्या पेटीचं मागचं झाकण उघडं, जावईबापू मांडी घालून आत स्क्रू ड्रायव्हर फिरवतायत आणि बाबा त्यांच्यासाठी टॉर्च धरून बसलेत. माझ्यासाठी बाबांनी जन्मात कधी टॉर्च धरला नव्हता.

पेटी मी बनवलेली. बाबा ट्रक चालवायचे. गाडी सोडून घरी बसले, तेव्हा त्यांना भजनं ऐकायला म्हणून मी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच सागवानी पेटीत बसवून दिले. उष्णता बाहेर टाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पेटीच्या माथ्यावर. आता गाणं चालू नसतानाही ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो, त्याला बायस म्हणतात. चुलीत राखेखाली निखारा ठेवतात ना, तसंच. कमी पडला तर हळू आवाज खरखरतो, जास्त झाला तर पेटी तापते. मी जरा चढाच ठेवायचो, गोडवा येतो म्हणून. सवड मिळाली की रविवारी यायचो, पेटी तापू द्यायचो, मीटर लावायचो आणि बायसचा बारका स्क्रू, म्हणजे प्रीसेट, केसभर फिरवायचो. मागच्या खेपेला आईने माथ्यावर क्रोशाचा रुमाल घडी करून ठेवला होता, तो मी ओरडून काढायला लावला. "हवा नको का लागायला?" आईने रुमाल उचलून आत नेला.

आणि आता हा पनवेलचा गृहस्थ माझ्या मापात हात घालतो! पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

"बायस उतरवलात?" मी विचारलं.

"जरासा, दादा," जावई म्हणाले आणि बाबांकडे बघत राहिले.

पेटी सुरू केली. सावकाश चाललेला अभंग, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटाला खरखर. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! "ऐका, ऐका! फाटतोय आवाज!"

अभंग संपत आला तेव्हा बाबांनी पेटीच्या माथ्यावर तळहात टेकवला. कशेडीचा घाट चढताना ट्रकच्या केबिनमधल्या बॉनेटवर टेकवायचे, अगदी तसा. "थंड हाय. बेस झालं."

"कसलं बेस? कान आहेत का तुम्हाला?" मी जावयाच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर ओढूनच घेतला.

"नाय रे," बाबा म्हणाले. "बारीक आवाज नाय येत ऐकू. गणपतीपासून."

आणि तळहात माझ्यापुढे धरला. मधोमध चट्टा, लालसर, सोललेला. गाणं कानाला लागेना, तेव्हा ते पेटीवर हात ठेवून बसायला लागले. मृदंगाचा ठोका हाताला कळतो म्हणाले. हात सवयीने माथ्यावरच जायचा. रुमाल होता तोवर चाललं.

स्वयंपाकघरात आई वडे तळत होती, तिने मान वर केली नाही. म्हणजे तिला ठाऊक होतं. मला सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, तो चट्टा बघून जीव कळवळला, पण त्याच्या आधी मी जळलो. काल आलेला जावई, आणि बाबांनी आपलं बहिरेपण त्याला सांगावं!

"मला नाही सांगितलंत ते? यांना बरं सांगितलंत?"

बाबा ओशाळले. तळहात पुन्हा पेटीवर ठेवून म्हणाले, "त्ये आले का इचारतात, बाबा, कसे आहात. तू आल्या आल्या इचारतोस, कसा वाजतोय."