नळी कोणाच्या तोंडाशी?

त्या सकाळची आठवण आली की आजही मला स्वतःचीच लाज वाटते.

मी तेव्हा म्हैसुरात पोलीस निरीक्षक होतो. शहरातल्या बोगादी भागातून एका गृहस्थांचा फोन आला. बँकेत अधिकारी, घरी मराठी बोलणारे.

"साहेब, मुलीच्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर पिऊन चालवतो. जेलमधून आलेला माणूस, दुसरं काय करणार? मी तर तिला स्वतःच गाडीने सोडतो."

जुन्या नोंदी काढल्या. ड्रायव्हरने मारामारीच्या गुन्ह्यात खरंच शिक्षा भोगली होती. मला तेवढं पुरलं. कधी पाहिलंत, वास आला का, असा एकही प्रश्न मी तक्रारदाराला विचारला नाही. आपला मराठी माणूस, खोटं कशाला सांगेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी जयलक्ष्मीपुरम भागात त्या शाळेच्या फाटकावर थांबलो. मुलं उतरताच ड्रायव्हरला बाजूला घेतलं.

"किती घेतलीस?"

"सुटून आल्यापासून थेंब नाही, सार्. घर या नोकरीवर चालतं. इथे नको, पालक बघताहेत."

"बघू देत. फुंक." श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राची नळी मी त्याच्या तोंडाशी धरली.

शून्य. पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य.

एवढ्यात ते गृहस्थ गाडीतून मुलीला घेऊन आले. आकडा पाहून हसले.

"अय्यो साहेब, तुमचं मशीनच बिघडलंय! आणा, मी फुंकून दाखवतो."

नवी नळी लावून यंत्र पुढे केलं. त्यांनी ऐटीत फुंकलं. आकडा कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेला. मी तो त्यांच्यासमोर धरला.

"छे हो, ती रात्रीची! झोप झालीय माझी," ते म्हणाले. शेजारी मुलगी दप्तर घेऊन उभी होती.

मी किल्ली काढून घेतली, त्यांना रक्ततपासणीला पाठवलं, गुन्हा नोंदवला. कोर्टात दंड भरून ते सुटले.

ड्रायव्हरला मात्र शाळेने त्याच आठवड्यात काढून टाकलं. तो प्यायलेला नव्हता, असं मी लेखी दिलं, स्वतः जाऊन सांगितलं.

"पोलिसांनी फाटकावर धरलेला माणूस पालकांना नको," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

पिऊन गाडी चालवणारे बहुतेक जुने गुन्हेगारच, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो होतो. पुरावा काय, तर पकडलेल्यांची यादी. पण मी नळी धरत होतो जुन्या गुन्हेगारांच्याच तोंडाशी! इस्त्रीच्या शर्टातल्यांना "जा साहेब" म्हणत होतो. शिक्षा भोगलेल्यांतही पिऊन चालवणारे आहेत, मी कितीतरी पकडलेत. पण कोणात जास्त, हे बोलण्याचा हक्क सगळ्यांना सारखंच फुंकायला लावल्याशिवाय कुणालाच नाही. पोलिसाला तर मुळीच नाही.

हे शिकायचं होतं मला. नोकरी गेली त्याची.