तुटक्या टोकाचं पान

वकिलाची नोटीस आली तेव्हा मी पुठ्ठ्यांना भोकं पाडत बसले होते. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या नागपूरच्या घरात बाबांच्या हातमागावर लुगड्याची किनार याच पुठ्ठ्यांवर चालायची. भोक असेल तिथला धागा उचलला जाई, नसेल तिथला बसून राही. इतवारीतल्या एका कापडाच्या शेठने कळवलं होतं, की भोकांच्या पुठ्ठ्यांवर विणलेल्या कुठल्याही किनारीचं पेटंट त्याचं आहे. आठ दिवसांत माग बंद करा, नाहीतर कोर्ट.

बाबांनी माझ्याकडून कागद दोनदा वाचून घेतला. "किनार त्याची असन तं दाखव म्हना. भोक त्याचं कसं होईन?"

एवढं बोलून माग मात्र थांबवला. मला शेठइतकाच बाबांचाही राग आला. पुठ्ठे मागायला आलेल्याला आम्हा विणकरांत कुणी नाही म्हणत नसे. परत करताना वर एक कोरा पुठ्ठा ठेवायचा, एवढीच रीत. वर्षापूर्वी शेठचा माणूस आमचे पुठ्ठे घेऊन गेला. परत आले तेव्हा वर कोरा पुठ्ठा नव्हता. मी कुरकुरले, तर बाबा म्हणाले, "विसरला असन. जाऊ दे वं."

आठव्या दिवशी आम्ही दोघं शेठच्या गादीवर. वकिलाने 'शोधाचा नमुना' म्हणून एक किनार पसरली आणि माग बंद केल्याचा कागद पुढे सरकवला. बाबांनी पेन उचललं. मी किनारीवरची पानं बघत होते. पाचव्या पानाचं टोक तुटकं. दहाव्याचंही. त्या टोकाचं भोक पाडायला मीच विसरले होते, आणि त्यापायी बाबांची बोलणी दोन वर्षं खात होते.

"बाबा, सही नका करू."

अंगावरच्या, आमच्याच मागावर विणलेल्या लुगड्याची किनार मी त्या नमुन्याशेजारी धरली. "माझी चूक तुमच्या शोधात कशी आली, शेठ?"

शेठने नोटीस मागे घेतली, पण फक्त आमची. पेटंट तसंच राहिलं. पेटंट देणाऱ्यांनी नेमकं काय शोधलंस, एवढं विचारून तेवढ्यावरच शिक्का मारायचा नियम असता, तर ही वेळ कुणावर आली नसती.

तीच नोटीस शेजारच्या काकांनाही होती. भोकं पाडायचं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आम्ही त्यांना घेऊन पुन्हा गेलो. वकील म्हणाला, "यांचे पुठ्ठे आम्ही उचलल्याचं दाखवा."

काकांचा एकेक पुठ्ठा आम्ही उजेडाला धरून पाहिला. एकही भोक चुकलेलं नव्हतं.

आपला माग सोडवून उतरवताना काका मला म्हणाले, "मी तुले नीट शिकवलं नाई, थेच बरं झालं, पोरी."